कुंकवाचे बोट आणि पाव आण्याचे कार्ड

बाळाच्या पहिल्या वाढदिवसाचे निमंत्रण घरच्या घरी, हाताने तयार करण्याची हौस पुन्हा दिसू लागली आहे. रंगीत कागद, कात्री, कोपऱ्यात बाळाच्या पावलाचा ठसा. अशा कार्डांना हमखास 'जुन्या पद्धतीची' म्हटले जाते. प्रत्यक्षात महाराष्ट्रातील सामान्य घरांत बाळाचे बोलावणे कागदावर उतरले, ते पोस्टाच्या काळात. त्याआधी ते पायी जात असे. #थ्रेड

जुना शब्द 'आवतण'. घरातील सवाष्ण कुंकवाचा करंडा घेऊन आळीत फिरे, उंबऱ्यावर कुंकू लावी आणि बोलावी. मोठ्या कार्याची अक्षत दिली जाई. गावभर आवतण सांगण्याचे काम बहुधा बलुतेदाराकडे असे. निमंत्रण ही वस्तू नव्हती. ते घेऊन येणारे माणूस हेच निमंत्रण. कोण बोलवायला आले, कोणाला नुसता निरोप मिळाला, यावरून रुसवेफुगवे होत, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या लक्षात राहत.

बोलवायचे कोणत्या दिवशी, हे तिथीवरून ठरे. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्ये यांनी १७९० च्या सुमारास लिहिलेल्या 'धर्मसिंधु'सारख्या ग्रंथांत वर्षपूर्तीचा विधी आहे. त्यात मार्कंडेयाची व अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप, परशुराम या सात चिरंजीवांची पूजा येते, आणि तीळगूळ घातलेले दूध प्राशन करायचे असते. अर्थात शास्त्रोक्त विधी सगळ्याच घरांत होत नसे. औक्षण मात्र बहुतेकांना ठाऊक होते.

पूजेसाठी सगळे चिरंजीवच का निवडले असावेत? कारण बाळ वर्षभर जगेल याची खात्री कोणालाच नव्हती. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला. बारभाईंचा सारा डाव त्या तान्ह्या जिवावर उभा होता. बाळाला वर्ष पूर्ण होण्याच्या सुमारे सहा आठवडे आधी, ६ मार्च १७७५ रोजी, रघुनाथरावांनी सुरतेला इंग्रजांशी तह करून युद्ध ओढवून घेतले होते. एका अर्भकाला एखादा साधा ताप आला असता, तरी मराठ्यांच्या इतिहासाचे ते पान वेगळे झाले असते.

पेशव्यांचे राज्य गेले, पण ही धास्ती गेली नाही. १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक अर्भकमृत्यू नोंदले गेले. हा आकडा जसाच्या तसा घेता येत नाही: अनेक बायका बाळंतपणाला गावी जात, त्यामुळे जन्माची नोंद शहराबाहेर राही आणि मृत्यूची शहरात होई. पण गिरणगावातील कोंदट चाळींची जी कहाणी तो सांगतो, ती खोटी नव्हे. अशा शहरात पहिला वाढदिवस म्हणजे एक घाट पार केल्याची वार्ता होती, आणि ती गावी कळवणे भाग होते.

कळवण्याची सोय १ जुलै १८७९ रोजी झाली. त्या दिवशी हिंदुस्थानात पाव आण्याचे पोस्टकार्ड सुरू झाले. रुपयाला चौसष्ट कार्डे! ज्या माहेरी पायी आवतण पोहोचणे अशक्य होते, तिथे ते आता टपालाने पोहोचू लागले. घरातला ज्याचा हात वळणदार, तो सगळी कार्डे लिहून काढी. सही मात्र वडीलधाऱ्यांची.

पण वाचणार कोण? १९०१ च्या जनगणनेत हिंदुस्थानात शंभरात एक स्त्रीही साक्षर नव्हती. कार्ड गुरुजींकडून किंवा पोस्टमनकडूनच वाचून घ्यावे लागे. म्हणून कार्डाच्या कोपऱ्याला हळदकुंकवाचे बोट लावत. मृत्यूची वार्ता असेल तर कोपरा फाडलेला असे. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही कार्ड हाती पडताच कळे की बातमी कोणत्या रंगाची आहे. आजच्या कार्डावरील नक्षी शोभेची आहे. ते बोट मात्र मजकुराचाच भाग होते, किंबहुना पहिले वाक्य.

कागदाबद्दलचा संकोच मराठी निमंत्रणाच्या भाषेतून आजही गेलेला नाही. 'हेच अगत्याचे निमंत्रण समजावे' हे वाक्य असंख्य पत्रिकांवर असते. समजावे, म्हणजे मुळात ते तसे नाही! समक्ष न आल्याची ती माफी आहे.

तिथीचेही असेच झाले. १८३१ साली गणपत कृष्णाजींनी मुंबईत पंचांग छापले आणि पुढे छापील पंचांग घरोघरी आले. जोशीबुवांना विचारावे लागणारी तिथी घरातच पाहता येऊ लागली. मग शाळा आणि कचेऱ्यांनी इंग्रजी तारीख आणली. १९७३ पासून निघणाऱ्या 'कालनिर्णय'मध्ये तिथी आणि तारीख एकाच चौकोनात नांदू लागल्या. अनेक घरांत औक्षण तिथीला आणि केक तारखेला, असा समझोता झाला. कार्डावर मात्र तारीखच उरली.

आणखी एक बदल गमतीचा आहे. लग्नपत्रिकांत खाली 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!' असा लहानग्यांचा आग्रह छापण्याची रीत आली. वाढदिवसाच्या कार्डात तर बोलावणारे बाळच झाले: 'मी एक वर्षाची झाले, मला पाहायला या.' पूर्वी घरचा कर्ता 'आमचे येथे श्रीकृपेकरून' असे लिही. ज्याच्या जगण्याची खात्री नव्हती, त्याच्या तोंडी निमंत्रण घालण्याचे धाडस बहुधा कोणी केले नसते.

एक रीत अजून टिकून आहे. पत्रिका छापील असो वा हाताने रंगवलेली, अनेक घरांत पहिली पत्रिका कुंकू लावून देवापुढे ठेवतात. तिच्यावर पत्ता नसतो.