पेशीची पूर्वतयारी

2002 मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी माणसाच्या अस्थिमज्जेतील मेसेंकायमल मूलपेशी उंदरांच्या हृदयात टोचल्या. चौथ्या दिवशी त्यांतल्या अर्धा टक्काही उरल्या नव्हत्या. या विषयात नव्याने येणाऱ्याने हा आकडा आधी पचवावा आणि मगच पुढची प्रकरणे उघडावीत. कमी उरतात, तर जास्त टोचा, हा त्यावरचा सरळ तोडगा. प्रस्तुत ग्रंथाचा रोख वेगळा आहे: रुग्णाला देण्याआधी पेशीचीच तयारी करून घेता येईल का?

अस्थिमज्जेत ऑक्सिजन जेमतेम काही टक्के असतो. आपण या पेशी वाढवतो सुमारे 20 टक्के ऑक्सिजनच्या इन्क्युबेटरमध्ये आणि धाडतो रक्तपुरवठा तुटलेल्या ऊतीत! मधले एक-दोन दिवस त्यांना कमी ऑक्सिजनमध्ये ठेवले, तर एचआयएफ-1 अल्फा हे प्रथिन टिकून राहते, पेशी ग्लुकोजवर भागवू लागते आणि रक्तवाहिन्यांच्या वाढीला चालना देणारी द्रव्ये जास्त सोडते.

माझ्या मते खरे शिकण्यासारखे प्रकरण इंटरफेरॉन-गॅमाचे. मूलपेशी सदासर्वकाळ दाह शमवत बसत नाही. दाहाची वर्दी तिला आधी लागावी लागते आणि ती देणारा रेणू म्हणजे हे इंटरफेरॉन. ती लागली की मानवी पेशी आयडीओ नावाचे विकर बनवते, ट्रिप्टोफॅन मोडते आणि टी-पेशींची वाढ रोखते. ही वर्दी प्रयोगशाळेतच देऊन ठेवता येते. गोठवलेल्या पेशींच्या बाबतीत तिचे मोल विशेष. उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमधून काढलेली कुपी 37 अंशांच्या पाण्यात मिनिटा-दोन मिनिटांत वितळते. रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली मोजावे, तर बहुतेक पेशी जिवंत. पण लगेच कामाला लावून पाहाव्यात, तर टी-पेशींना आवरण्याची ताकद उणावलेली! गोठवण्याआधी इंटरफेरॉन दिल्यास ही तूट बरीच भरून निघते, असे प्रयोगशाळेतील चाचण्यांत दिसले आहे. फुकट मात्र काही मिळत नाही: त्याच इंटरफेरॉनने पेशीच्या पृष्ठभागावर एचएलएचे दुसऱ्या वर्गाचे रेणू वाढतात आणि परक्या दात्याची पेशी चटकन ओळखू येण्याचा धोका वाढतो.

गोळे करून वाढवणे, पृष्ठभागावरील शर्करा बदलणे, जनुके घालणे या वाटांची ओळख पुढे आहेच.

डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने या जातीच्या पेशींच्या पहिल्या औषधाला मान्यता दिली, तीही स्टिरॉइडला दाद न देणाऱ्या जीव्हीएचडीने, म्हणजे प्रत्यारोपित पेशींनी रुग्णाच्याच शरीरावर केलेल्या हल्ल्याने, आजारी असलेल्या मुलांपुरती. एवढ्या छोट्या दारातून आत यायला या क्षेत्राला दशके लागली. जाहिरातींचा वेग मात्र याच्या कितीतरी पुढे आहे. म्हणून जे वाचक विद्यार्थी नाहीत, ज्यांच्या घरात कुणी आजारी आहे, त्यांना एकच विनंती: भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मान्यताप्राप्त उपचार वगळता मूलपेशी केवळ क्लिनिकल ट्रायलमध्येच देता येतात. कुणी त्या देऊ केल्या, तर आधी सीटीआरआय या भारतातील क्लिनिकल ट्रायलच्या नोंदवहीतला नोंदणी क्रमांक मागा.