भाडे काही सुटेना: घरचा फोन आणि इंटरनेटवरचे बोलणे

घरच्या टेलिफोनच्या बिलात दोन खर्च असत : लाइनचे ठरलेले भाडे आणि केलेल्या कॉलचा आकार. इंटरनेटवरून बोलणे सुरू झाल्यावर दुसरा खर्च झपाट्याने उतरला. पहिला मात्र बरीच वर्षे जागचा हलला नाही.

मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज १८८२ साली सुरू झाले. तरी बाहेरगावी बोलायचे तर ऑपरेटरकडे ट्रंक कॉल नोंदवून ताटकळत बसणे, हीच रीत पुढे कित्येक दशके होती. १९६० मध्ये कानपूर-लखनौ मार्गावर एसटीडी, म्हणजे ऑपरेटरविना बाहेरगावचा नंबर थेट फिरवण्याची पद्धत, आली. हळूहळू ती देशभर पसरली आणि बिल फुगवण्याची सोय घरातल्या प्रत्येकाच्या हाताशी आली. त्यावर उपाय म्हणून डायलच्या भोकात छोटे कुलूप अडकवत. तबकडी फिरेनाशी होई. पण रिसीव्हर ज्या कळीवर टेकतो ती मोजून भराभर दाबली, की एक्स्चेंजला तेच स्पंद पोचत आणि नंबर लागे. ही युक्ती घरच्या पोरांना बरोबर ठाऊक असे. थोरांची काटकसर निराळी : रात्री अकरानंतर एसटीडीला पाव दर लागे, म्हणून तोवर जागायचे.

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले. त्याच वर्षी इस्रायलच्या व्होकलटेक कंपनीने संगणकावरून बोलण्याचा प्रोग्रॅम बाजारात आणला होता. डिजिटल एक्स्चेंजमध्ये एका आवाजाला सेकंदाला ६४ किलोबिट लागतात. दाबून लहान केलेल्या आवाजाला आठही पुरतात. त्यामुळे ५६ किलोबिटच्या मोडेमवरही बोलणे जमे, अडखळत का होईना. भारतात या बोलण्याला परवानगी मिळाली ती १ एप्रिल २००२ पासून, आणि तीही अर्धवट. संगणकावरून दुसऱ्या संगणकावर किंवा परदेशातल्या फोनवर बोलता येई, देशातल्या फोनवर नाही. पुण्यातल्या आईवडिलांना अमेरिकेतल्या मुलाशी बोलणे स्वस्त पडू लागले. नागपूरच्या बहिणीला मात्र एसटीडीच लावावी लागे. ती एसटीडी उतरली ती मुख्यतः मोबाइल कंपन्यांच्या चढाओढीमुळे. मार्च २००६ मध्ये सरकारी कंपन्यांनी देशभर मिनिटाला एक रुपया हा दर आणला.

ब्रॉडबँड २००५ मध्ये घरोघर येऊ लागले, तेही त्याच तांब्याच्या तारेवरून. आवाज चार किलोहर्ट्झच्या आत राही, डेटा त्याच्या बराच वर. स्प्लिटर नावाची छोटी डबी दोघांना वेगळे करी. पूर्वी इंटरनेट लावले की फोन एंगेज लागे, ती कटकट संपली. पण डेटा हवा तर लाइन हवी आणि लाइन हवी तर भाडे आले. कॉल स्काइपसारख्या इंटरनेटवरच्या प्रोग्रॅमवर होत असले तरी फोन काढून टाकता येत नसे. हीच अडचण अमेरिकेत जास्त गाजली. तिथे फोनशिवाय नुसते डीएसएल, म्हणजे तांब्याच्या तारेवरचे ब्रॉडबँड, मिळावे अशी मागणी होती. २००६ च्या अखेरीस एटी अँड टी आणि बेलसाउथ यांच्या विलीनीकरणाला मंजुरी देताना अशी जोडणी महिना १९.९५ डॉलरला देण्याची अट मान्य करून घेण्यात आली. भारतातल्या ग्राहकाच्या हातात राहिले ते एवढेच : सर्वांत कमी भाड्याची योजना घ्यायची, एसटीडी बंद करून ठेवायची आणि फोन येणाऱ्या कॉलपुरता वापरायचा.

ही गाठ सुटली ती ऑप्टिकल फायबरने. तिथे तांब्याची तार लागत नाही आणि फोन हा इंटरनेटच्या योजनेतलाच एक भाग होतो. २०१८ मध्ये देशातल्या फोन नंबरांवरही इंटरनेटवरून बोलण्याचा मार्ग मोकळा झाला आणि बीएसएनएल या सरकारी कंपनीने लाइन किंवा सिमकार्डाविना चालणारी ‘विंग्ज’ सेवा वर्षाला १,०९९ रुपयांत जाहीर केली.

या बचतीत एक गोष्ट मात्र गेली. तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांतून ४८ व्होल्टचा पुरवठा होत असे, त्यामुळे घरची वीज गेली तरी साधा फोन चालू राही. फायबरवरचा फोन चालू ठेवायचा तर राउटरला इन्व्हर्टर जोडावा लागतो.