जमेची वही आणि खर्चाची वही

महाराष्ट्रातील गावदप्तराचा इतिहास सामान्यतः महसूलपद्धतीच्या इतिहासातील एक उपप्रकरण म्हणून लिहिला जातो, आणि माहितीच्या अधिकाराचा इतिहास मात्र अलीकडच्या कायद्यांपासून सुरू केला जातो. हे दोन्ही शेजारी ठेवून वाचले असता असे दिसते, की स्थानिक कारभाराचे कागद सरसकट बंद असे कधीच नव्हते आणि सरसकट उघडेही नव्हते. रयतेने सरकारला काय द्यायचे हे ज्या कागदावर लिहिलेले असे, तो एकोणिसावे शतक संपण्यापूर्वीच कायद्याने पाहण्यास खुला झाला. गोळा झालेला पैसा कोठे गेला हे ज्या कागदावर लिहिलेले असे, तो उघडण्यास आणखी शंभरावर वर्षे लागली.

मराठेशाहीत गावचे दप्तर कुलकर्ण्याकडे असे. दप्तर म्हणजे रुमालांत बांधलेले मोडी कागदांचे गठ्ठे. त्यांत कोणाकडे किती जमीन, तिच्यावर आकार किती, वसूल किती आणि बाकी किती याचा हिशेब असे. कुलकर्णी हा वतनदार होता, म्हणजे त्याचे पद वंशपरंपरेने चालत आलेले होते, आणि म्हणून दप्तरही बहुधा त्याच्या राहत्या घरीच राही. तरीही ते त्याची खासगी मालमत्ता मानले जात नसे. जमिनीचा किंवा वतनाचा तंटा उभा राहिला की गोतसभा बसे, म्हणजे गावचे आणि आसपासचे वतनदार, बलुतेदार व मिरासदार एकत्र येत, जुने कागद मागवले जात, जाणत्यांच्या साक्षी होत आणि निर्णयाचा महजर सर्वांच्या निशाण्यांनिशी तयार होई; त्यात पाटलाचा नांगर, सुताराचा वाकस अशा व्यवसायाच्या खुणा अक्षरशत्रू माणसाच्या सहीची जागा घेत. कागद पाहण्याची मुभा होती, पण ती तंट्यातील पक्षकाराला होती आणि गोतापुढे होती. ज्याचा जमिनीशी संबंध नाही, आणि ज्याला गोतात स्थानच नाही, अशा गावकऱ्याने दप्तर मागण्याची कल्पना त्या व्यवस्थेत बसत नव्हती.

खर्चाची बाजू याहून अंधारात होती. देवस्थान, धर्मादाय, शिबंदी आणि गावावरून जाणाऱ्या अंमलदारांची सरबराई यांसाठी गावखर्चाची पट्टी सरकारी आकारावर वेगळी बसवली जाई, आणि ती किती बसवायची हे पाटील-कुलकर्णी व सरकारी वसूल पाहणारा कमाविसदार यांच्यात ठरे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात ‘दरबारखर्च’ अथवा ‘अंतस्थ’ नावाच्या रकमेचे मोठे मासलेवाईक वर्णन आहे. दरबारातील मंडळींना व हिशेबतपासनिसांना गुपचूप चारण्यासाठी काढून ठेवलेली ही रक्कम हळूहळू इतकी रूढ झाली, की ती हिशेबात उघडपणे धरली जाऊ लागली आणि इतर बाबींप्रमाणे तपासलीही जाऊ लागली; मग लाच देण्यासाठी पुन्हा वेगळी वसुली करावी लागली, आणि या नाजूक बाबीत तपासनीस फार खोलात शिरत नसल्याने वसूल करणाऱ्याच्या पदरात वरच्यांहून अधिक पडू लागले. एल्फिन्स्टन विजेत्या पक्षाचा माणूस होता हे लक्षात ठेवूनच त्याचा अहवाल वाचायला हवा. परंतु तपासणी वरून होत असेल आणि पट्टी भरणाऱ्याला हिशेब दिसत नसेल तर काय होते, याचे इतके नेमके वर्णन त्या काळात दुसरीकडे क्वचितच सापडेल.

इंग्रजी अमलात जमेची वही झपाट्याने उघडली, आणि त्यामागे सरकारचाच स्वार्थ होता. इंदापूर तालुक्यापासून १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांनी जी मोजणी सुरू केली, तिने प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर दिला आणि त्यावर आकार बांधला. हा आकार थेट खातेदाराकडून वसूल करायचा असल्याने खातेदार कोण हे निर्विवाद ठरणे सरकारला आवश्यक होते. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल अधिनियमाने नकाशे व जमिनीचे कागद ठरावीक फी घेऊन लोकांना पाहू द्यावेत आणि त्यांच्या नकला द्याव्यात अशी तरतूद केली. पुढे १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी आली, म्हणजे जमिनीवर कोणाचा कोणता हक्क आहे याची स्वतंत्र नोंदवही सुरू झाली, आणि १९१३ मध्ये ती पद्धत मूळ महसूल कायद्यातच समाविष्ट झाली. आजचा सातबारा हा तिचाच वारस असून, गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख आणि नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद, ही दोन पत्रके एका कागदावर आल्याने त्याला हे नाव पडले आहे.

या व्यवस्थेतील फेरफाराची रीत बारकाईने पाहण्यासारखी आहे. वारसाने, खरेदीने किंवा वाटपाने हक्क बदलला की तलाठी गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, त्याची नोंद घेतो; त्या नोंदीची संपूर्ण प्रत चावडीत ठळक जागी लावतो; ज्यांचा संबंध आहे असे कागदांवरून दिसते त्यांना लेखी कळवतो. कोणी हरकत घेतली तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या वहीत उतरवून लगेच पोच द्यावी लागते, आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५० नुसार ही हरकत तोंडी घेतली तरी चालते. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही सरकारी कागदाशी भांडता यावे म्हणून इतकी काळजी घेणारी तरतूद स्थानिक संस्थांच्या खर्चाच्या हिशेबाबाबत कोणी केली नाही.

कायद्याने उघडलेला कागद प्रत्यक्षात उघडा होता काय, हा प्रश्न वेगळा. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये कुलकर्ण्याच्या लेखणीने नाडलेल्या शेतकऱ्याची जी स्थिती मांडली आहे, तिच्या मुळाशी हेच होते, की लिहिणारा, वाचून दाखवणारा आणि दप्तर सांभाळणारा हा एकच माणूस होता आणि ते पद त्याच्या घराण्यात कायमचे होते. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कोल्हापूर संस्थानात कुलकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी नेमले, तो निर्णय ब्राह्मणेतर चळवळीच्या इतिहासात नेहमी सांगितला जातो. कागदांच्या इतिहासातही त्याचे मोल तेवढेच आहे, कारण त्यामुळे दप्तर घराण्याकडून कचेरीकडे आले. मुंबई राज्याच्या उरलेल्या भागात हे होण्यास १९५० चा कायदा यावा लागला आणि कुलकर्णी वतने १ मे १९५१ पासून संपली.

शहरांत खर्चाची बाजू थोडी आधी वादात आली. मुंबईत १८६५ च्या कायद्याने नगरपालिकेचा सारा कारभार एका आयुक्ताच्या हाती दिला होता, आणि आर्थर क्रॉफर्ड यांनी तो सढळ हाताने चालवला. रस्ते, गटारे व मंडई झाली, पण तिजोरी रिकामी झाली. १८७१ मध्ये करदात्यांनी हिशेब मागत मोठे आंदोलन उभारले, आणि १८७२ च्या कायद्याने चौसष्ट सभासदांची, त्यांतील निम्मे करदात्यांनी निवडलेले अशी, महापालिका अस्तित्वात आली. त्यानंतरच्या नगरपालिका-कायद्यांत सभेचे इतिवृत्त व अंदाजपत्रक पाहण्याच्या तरतुदी आल्या खऱ्या, परंतु हा हक्क कर भरण्यातून आलेला होता. चाळीतल्या खोलीत भाड्याने राहणारा गिरणी कामगार, जो पट्टी भाड्यातून अप्रत्यक्ष भरत असे, तो या करदात्यांत धरला जात नव्हता.

१८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाने सार्वजनिक दस्तऐवजाची प्रमाणित नक्कल मिळण्याची सोय केली, पण तीही तो दस्तऐवज पाहण्याचा हक्क असलेल्यालाच. तो हक्क कोणाला, हे तेथे सांगितलेलेच नव्हते. १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमाची छाया ग्रामपंचायतीच्या रोजकीर्दीवर पडण्याचे काहीच कारण नव्हते, तरी कचेरीतील वृत्ती मात्र त्याच छायेत घडली. या संदर्भात पुण्यातील एका प्रकरणाची जेवढी आठवण राहायला हवी होती तेवढी राहिली नाही. पुणे छावणी मंडळाने दिलेल्या बांधकाम परवानग्यांचे कागद बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप या संस्थेने पाहायला मागितले, आणि मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये ते पाहण्याचा हक्क मान्य केला. संस्थेची तेथे जमीन नव्हती. शहराच्या हिताचा विचार करणारे नागरिक एवढेच तिचे नाते होते, आणि तेवढे पुरेसे धरले गेले.

गावांत ही कोंडी मजुरीच्या प्रश्नाने फुटली. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेने, जिचा कायदा १९७७ चा आहे, हजेरीपत्रक म्हणजे मस्टर हा कागद खेडोपाडी नेला. कामावर न आलेल्यांची नावे मस्टरवर आणि आलेल्यांच्या हातावर कमी मजुरी, ही तक्रार जुनी होती, पण मस्टर मजुराला दाखवण्याची रीत नव्हती. ग्रामसभेपुढे वार्षिक हिशेब ठेवण्याचे बंधन १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात होते. तेथे वाचली जात ती एकूण रक्कम, तिच्यामागची बिले नव्हेत. ही बिले मागण्याचे श्रेय राजस्थानकडे जाते. १९९० मध्ये स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ पासून जनसुनावण्या घेतल्या, म्हणजे पंचायतीच्या कामांची मस्टरे व बिले गावासमोर मोठ्याने वाचून ज्यांची नावे त्यांत आहेत त्यांनाच ती खरी की खोटी हे विचारले, आणि १९९६ मध्ये ब्यावर येथे चाळीस दिवसांचे धरणे धरले.

महाराष्ट्रात माहितीच्या अधिकाराचा २००० साली झालेला कायदा इतका लुळा होता, की अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर तो बदलून २००२ चा कायदा करावा लागला. त्याला राष्ट्रपतींची संमती ऑगस्ट २००३ मध्ये, हजारे यांच्या उपोषणाच्या वेळी मिळाली. गोव्याचा कायदा त्याही आधीचा, १९९७ चा होता. १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्रीय कायद्याने ग्रामपंचायतीपासून मंत्रालयापर्यंत एकच नियम आणला, आणि त्यातील सर्वांत क्रांतिकारक वाक्य कलम ६ मध्ये काहीसे आडोशाला आहे: अर्जदाराला माहिती कशासाठी हवी याचे कारण विचारता येणार नाही. गोतसभेतील पक्षकार, चावडीतील हितसंबंधित आणि मुंबईतील करदाता या तिघांनाही आधी आपले नाते सिद्ध करावे लागत होते. ती अट येथे संपली.

पुढे पुणे महापालिकेने दर सोमवारी दुपारी ठरलेल्या वेळी अर्जाविना दस्तऐवज पाहू देण्याची पद्धत सुरू केली, आणि २०१८ मध्ये राज्य शासनाने ती जिल्हा पातळीवरील कार्यालये व स्थानिक संस्था यांना लागू केली. मात्र वैयक्तिक विदा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने माहिती अधिकारातील कलम ८(१)(ञ) बदलले असून, वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे की नाही हे तपासण्याची जी अट त्या कलमातच होती, ती काढून टाकली आहे. व्यापक जनहितासाठी माहिती देण्याची मुभा अन्य कलमात शिल्लक आहे, पण तो निर्णय पुन्हा अधिकाऱ्याच्या मर्जीवर जातो. रोजगार हमीचे मस्टर, घरकुलांची यादी, अनुदानाचे वाटप या कागदांत माणसांची नावे हाच मुख्य मजकूर असतो; ती झाकली तर मागे उरते ती एकूण रक्कम, आणि ती ग्रामसभेत पूर्वीही वाचली जातच होती.