युरोपात फिरायला रेल्वे पास घ्यावा, बस पकडावी की स्वस्त विमान?

पॅरिस, ॲम्स्टरडॅम, बर्लिन, प्राग, व्हिएन्ना. पहिल्यांदा युरोपला निघालेल्या मित्रांची यादी थोड्याफार फरकाने अशीच असते आणि पुढचा मेसेजही ठरलेला असतो, "युरेल पास काढू का?" याचं एका शब्दात उत्तर नाही, पण मोबाईलवर अर्ध्या तासात ते काढता येतं.

आधी पास समजून घेऊ. युरोपाबाहेर राहणाऱ्यांसाठी युरेल, तर युरोपात राहणाऱ्यांसाठी इंटररेल. इथे पासपोर्ट नाही, राहण्याचा देश बघतात. म्हणजे म्युनिकमध्ये एमएस करणारा तुमचा नाशिकचा मित्र इंटररेलच घेणार. दोन्हींचा ग्लोबल पास ३३ देशांत चालतो. वय २७ पर्यंत असेल तर यूथ पास स्वस्तात मिळतो. (माझं वय पुढे गेलं, तुम्ही फायदा घ्या.) फ्लेक्सी प्रकारात तुम्ही प्रवासाचे दिवस विकत घेता, उदाहरणार्थ एका महिन्यात ४, ५ किंवा ७ दिवस. रेल प्लॅनर ॲपमध्ये पास दिसतो आणि ट्रेनमध्ये चढण्याआधी तो प्रवास ॲपमध्ये टाकावाच लागतो. रात्रीची ट्रेन १२ च्या आधी सुटत असेल आणि नंतर गाडी बदलायची नसेल, तर सुटण्याचा एकच दिवस खर्ची पडतो.

आता खरी गोम. पास असला तरी फ्रान्सची टीजीव्ही, इटली आणि स्पेनच्या वेगवान गाड्या आणि युरोस्टार यांत सीट रिझर्व्हेशन सक्तीचं असतं आणि त्याचे पैसे वेगळे. पासवाल्यांसाठी जागाही मोजक्याच. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये मात्र बहुतेक दिवसाच्या गाड्यांत थेट चढता येतं. त्यामुळे मी एका शीटमध्ये साधा हिशोब मांडतो: पासची किंमत भागिले प्रवासाचे दिवस, अधिक रिझर्व्हेशन. शेजारच्या कॉलममध्ये त्याच तारखेचं सुटं तिकीट, रेल्वे कंपनीच्या स्वतःच्या साईटवरून बघितलेलं.

वरच्या पाच शहरांचंच बघा. पॅरिस ते ॲम्स्टरडॅम युरोस्टारला पासवरही जादा पैसे जातात. प्राग ते व्हिएन्ना चारेक तासांचा मार्ग आहे, तिथे रेजिओजेट ही खासगी कंपनीही गाड्या चालवते, म्हणून तिकिटं सहसा स्वस्त असतात. त्यासाठी पासचा दिवस जाळू नका. जर्मन रेल्वेचं सुपर स्पारप्राईस तिकीट लवकर काढलं तर चांगलं पडतं, पण ते त्याच गाडीपुरतं असतं आणि रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत. माझं मत विचाराल तर तारखा पक्क्या असतील आणि दोन महिने हाताशी असतील तर सुटी तिकिटं घ्या. मनाला येईल तसं फिरायचं असेल, तेही जर्मनी-स्वित्झर्लंड पट्ट्यात, तर पास.

बसमध्ये फ्लिक्सबस सगळीकडे सापडते. तीच हिरवी बस, जी २०२४ पासून भारतातही धावते. रात्रीच्या बसने हॉस्टेलचं एका रात्रीचं भाडं वाचतं, पण दुसऱ्या दिवशी म्युझियममध्ये डुलक्या येणार हे धरून चाला.

विमानाचा आकडा सगळ्यात फसवा. रायनएअरच्या मूळ भाड्यात फक्त सीटखाली मावेल एवढी छोटी बॅग येते. ऑनलाईन चेक-इन न करता विमानतळावर केलं तर ५५ युरोपर्यंत जातात. भारतीय पासपोर्टवाल्यांना कागदपत्रं काउंटरवर तपासून घ्यावी लागतात, म्हणून सामान नसलं तरी लवकर पोहोचा. आणि त्यांचं 'पॅरिस' म्हणजे बोव्हे, शहरापासून सुमारे ८५ किलोमीटर. तिथून शहरात यायची बस आणि वेळ, दोन्ही शीटमध्ये टाका.

पैशांपेक्षा महाग पडणारी एक गोष्ट राहिली, व्हिसा. शेंगेन व्हिसा सिंगल एंट्री असेल तर मधेच शेंगेनबाहेर पाऊल टाकलं की परत आत येता येत नाही. युरेल पास ब्रिटनमध्येही चालतो, पण शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही, लंडनसाठी वेगळा व्हिसा लागतो. क्रोएशियातला स्प्लिट ते डुब्रोव्निक हा बसमार्ग तर आणखी बेसावध पकडतो. दोन्ही शहरं शेंगेनमध्ये, पण किनाऱ्याचा जुना रस्ता मधे बोस्नियाच्या न्यूम गावातून जातो. २०२२ मध्ये सुरू झालेल्या पेल्येशाट्स पुलावरून गेलं की बोस्निया टळतो. बस कोणत्या रस्त्याने जाते हे तिकीट काढण्याआधी बस कंपनीला विचारा.

पेमेंट करण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर सुरू करा, नव्या कार्डांवर तो बंदच असतो. साईटने रुपये की युरो असं विचारलं तर युरो निवडा. रुपयांचा पर्याय सोयीचा वाटतो, पण त्यात रूपांतराचा दर समोरचा ठरवतो आणि तो बहुतेक वेळा बँकेपेक्षा महाग असतो.