तेरा वर्षांचा मुलगा आणि कलकत्त्याचा डाव

१७ ऑक्टोबर १९५६ रोजी न्यू यॉर्क येथे १३ वर्षांच्या बॉबी फिशरने डोनाल्ड बर्न या नामांकित अमेरिकन खेळाडूवर ४१ व्या चालीस मात केली. १७ व्या चालीस त्याने आपला वजीर मारू दिला, आणि तो डाव ‘शतकातील डाव’ म्हणून गाजला. आमचे लक्ष मात्र त्याच्या प्रारंभाकडे जाते. पटाचा मध्य पांढऱ्या प्याद्यांना खुशाल व्यापू द्यावा आणि मग कडेला बसविलेल्या उंटाच्या जोरावर तोच पोखरावा, अशी ही रीत. १९२२ साली व्हिएन्नाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्डने ती रूढ केली व तिला त्याचेच नाव मिळाले. वस्तुतः १८५५ मध्येच कलकत्त्यास महेशचंद्र बॅनर्जी हे जॉन कॉक्रेनविरुद्ध ती खेळले होते. देशी बुद्धिबळात प्यादे पहिल्या चालीतही एकच घर सरके. उंट कडेला बसविण्याची ही संयमी मांडणी त्याच सवयीतून उपजली असावी, असे आम्हांस वाटते. ते डाव लिहून ठेवले गेले, म्हणूनच महेशचंद्र आज आपणांस ठाऊक आहेत. मुलांना फिशरचा डाव दाखविताना हे नावही अवश्य सांगावे.