परसदारचा ओटा आणि आपली मागची जागा

सोसायटीला पंचवीस वर्षं होत असताना मागच्या मोकळ्या जागेचा विषय पुन्हा निघाला आहे. तळमजल्यावरच्या दोन-तीन घरांना मागच्या बाजूला लाकडी डेक बांधायचा आहे. परदेशातल्या मुलांच्या घरामागे तो पाहिला की वाटतंच, आपल्याकडे का नको? पण घरामागे बसायची जागा करणं आपल्या भागाला नवीन नाही. स्मरणिकेच्या निमित्ताने तिचा थोडा इतिहास मांडतो.

पनवेल-उरणकडच्या जुन्या घरांना पुढे ओटी-पडवी आणि मागे परस असे. परसात विहीर, केळी, अळू आणि मागच्या दाराला लागून एक ओटा. कडेने काळ्या दगडाची रांग लावायची, आत दगडगोटे आणि मुरूम भरायचा, पाणी मारून धुम्मसाने ठोकायचा. वर माती चोपून शेणाने सारवायचं. ओटा घराच्या जोत्यापेक्षा खाली आणि उतार बाहेरच्या बाजूला, म्हणजे पाणी घरात शिरत नाही. लाकूड वापरलंच तर मांडवाच्या खांबांना. कारण साधं आहे. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात जमिनीलगतचं लाकूड कुजतं, उरलेलं वाळवी खाते. पुढे सारवणाच्या जागी शहाबादी फरशी आली, खालची भरणी मात्र तीच राहिली. ओटा एका घराचा, पण तिथे पापड वाळायचे, भात पाखडला जायचा आणि गप्पांना शेजारपाजार जमायचा.

डेक हा शब्द मुळात जहाजावरचा. अमेरिकेत घरामागच्या डेकचा प्रसार मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतर झाला, औषध मुरवलेलं स्वस्त लाकूड मिळू लागल्यावर. गंमत म्हणजे त्यातल्या सर्वांत गाजलेल्या औषधाचा शोध १९३३ साली आपल्याच डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसन यांनी लावला. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं ते मिश्रण. आर्सेनिक विषारी, म्हणून अमेरिकेत २००३ च्या अखेरीस घरगुती लाकडासाठी त्याचं उत्पादन थांबलं. तेव्हा डेकचं लाकूड घेताना आधी विचारायचं, याला औषध कोणतं दिलंय?

दुसरा प्रश्न जागेचा. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. योग्य मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण भागात आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे १९९० मध्ये साडेबारा टक्के योजना आली. करंजाड्यातल्या कितीतरी इमारती अशाच भूखंडांवर उभ्या आहेत. आपण फ्लॅट घेतला तेव्हा घर मिळालं, पण त्या खालची जमीन आधी कुणाचं तरी शेत होतं, एवढं लक्षात असू द्यावं.

फ्लॅटमध्ये परस वाटून मिळत नाही. इमारतीभोवतीची मोकळी जागा हवा, उजेड आणि अग्निशमन गाडीसाठी सोडलेली असते, आणि ती सगळ्यांची. स्टिल्ट पार्किंग बिल्डरला सुटं विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१० मध्ये दिला, तोही हाच विचार धरून. आज एकाने डेक टाकला, उद्या शेजारचा पत्रा टाकेल, परवा ग्रिल लागेल. मग पावसाचं पाणी मुरणार कुठे आणि चौथ्या मजल्यावरच्या आजींनी संध्याकाळी बसायचं कुठे?

म्हणून माझं म्हणणं एवढंच. बसायची हौस खरी आहे, ती मारू नये. पण खाजगी डेकऐवजी गाडीची वाट मोकळी ठेवून कोपऱ्यात एकच सामाईक ओटा करावा. दगड-मुरुमाची भरणी, वर फरशी, बाहेर उतार, उंची कमी आणि चढायला एक हातधरणी. आराखडा आधी मंजूर करून घ्यावा, वार्षिक सभेत ठराव करावा, खर्च सगळ्यांनी उचलावा. ज्या घरांनी डेक मागितला त्यांनाच कामावर देखरेखीची जबाबदारी दिली, तर काम चोखही होईल आणि मनं दुखावणार नाहीत.