व्यापक प्रतिपिंडांचे कूळ

एचआयव्हीच्या एका-दोन नव्हे, तर बहुतेक वाणांना निकामी करणाऱ्या प्रतिपिंडांना ‘व्यापक प्रतिपिंडे’ म्हणतात. त्यांचा उगम एचआयव्हीबाधित माणसांच्याच शरीरात आहे.

१९८४ साली अमेरिकेच्या आरोग्यमंत्री मार्गारेट हेकलर यांनी दोनेक वर्षांत या विषाणूवरची लस चाचणीसाठी तयार होईल, असे सांगितले होते. विषाणूने तो अंदाज खोटा ठरवला. स्वतःची नक्कल करताना तो इतक्या चुका करतो, की एकाच रुग्णाच्या रक्तात त्याची असंख्य रूपे नांदतात. एका रूपावर प्रतिपिंड तयार होते, तोवर दुसरे पुढे आलेले असते.

१९९४ साली स्क्रिप्स संस्थेतील डेनिस बर्टन व सहकाऱ्यांनी ‘बी-१२’ हे प्रतिपिंड पुढे आणले. एका बाधिताच्या अस्थिमज्जेतून ते मिळाले होते. त्यानंतर पंधरा वर्षे अशी प्रतिपिंडे बोटांवर मोजण्याइतकीच राहिली. २००९ साली एका आफ्रिकी दात्याच्या रक्तात ‘पीजी-९’ व ‘पीजी-१६’ सापडली. २०१० साली ‘व्हीआरसी-०१’ मिळाले. चाचणीतल्या १९० वाणांपैकी सुमारे ९० टक्के वाण या शेवटच्याने अडवले.

विषाणूच्या पृष्ठभागावरचा काटा साखरेच्या रेणूंनी झाकलेला असतो. मात्र माणसाच्या पेशीवरील सीडी-४ रेणूला चिकटण्याची जागा त्याला फारशी बदलता येत नाही. व्हीआरसी-०१ नेमके तिथेच बसते. ते घडवणाऱ्या जनुकाचा महत्त्वाचा भाग मूळ रूपापेक्षा तब्बल ३० टक्के बदललेला आहे. इतका बदल महिन्या-दोन महिन्यांत होत नाही. विषाणू आणि प्रतिपिंड घडवणाऱ्या पेशी यांच्या वर्षानुवर्षांच्या चढाओढीतून तो साचतो. २०१३ साली एका आफ्रिकी रुग्णात संसर्गाच्या सुरुवातीपासून विषाणू व प्रतिपिंड या दोघांच्या पिढ्या शेजारी शेजारी लावून ही चढाओढ पाहता आली. संशोधनाची दिशा पालटणारी खरी घटना हीच.

तयार व्हीआरसी-०१ शिरेतून देऊन संसर्ग टळतो का, याचे उत्तर २०२१ साली मिळाले. एकूण संसर्ग घटला नाही, पण या प्रतिपिंडाला सहज बळी पडणाऱ्या वाणांचा संसर्ग ७५ टक्के कमी झाला. म्हणजे वाट बरोबर होती, एकटे प्रतिपिंड अपुरे होते.

लसीचा नवा मार्ग कुळाच्या मुळापासून निघतो. प्रतिपिंडाची पूर्वज असलेली दुर्मिळ पेशी आधी जागी करायची आणि पुढच्या मात्रांनी तिला पिढी-दर-पिढी घडवायचे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या मानवी चाचणीत लस मिळालेल्या ३६ पैकी ३५ जणांत अशा पेशी जाग्या झाल्या. मात्र त्यांपासून पूर्ण वाढलेले व्यापक प्रतिपिंड घडवणे हे पुढच्या मात्रांचे काम अजून बाकी आहे.